हम्बोल्ट पेंग्विन आणि शेकरू: तुलना करायचीच तर नीट करू

कातळवाट

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "बर्फातला पक्षी मुंबईच्या उकाड्यात कशाला आणला?" हे पहिलं. "त्यापेक्षा आपलं शेकरू ठेवायचं, राज्यप्राणी तरी बघायला मिळाला असता" हे दुसरं. (शेकरू म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार.) परवा दुसऱ्या एका धाग्यावर दोन्ही वाक्यं पुन्हा आली. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

पहिल्या वाक्याचा निकाल चटकन लागतो. २०१६ च्या जुलैत सोलहून भायखळ्याला आलेले आठही पक्षी हम्बोल्ट पेंग्विन जातीचे. या जातीचा बर्फाशी संबंध नाही. पेरू आणि चिलीचा किनारा हे तिचं घर. तिचा उत्तरेकडचा शेवटचा मुक्काम विषुववृत्तापासून साधारण ५ अंशांवर आहे आणि मुंबई १९ अंशांवर. नकाशापुरतं बोलायचं तर हा पक्षी आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ राहतो. किनाऱ्याला लागून अटाकामाचं वाळवंट. चिलीच्या बेटांवर निवडुंगाच्या बुडाशी अंडी उबवत बसलेले पेंग्विन दिसतात.

मग भायखळ्यात १६ ते १८ अंश तापमान कशासाठी राखायचं? तर पाण्यासाठी. दक्षिणेकडून येणारा गार हम्बोल्ट प्रवाह या किनाऱ्याला घासून वाहतो. वाऱ्यामुळे वरचं पाणी आत समुद्राकडे ढकललं जातं आणि खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पोसतं, प्लवकावर अँचोव्हेटा नावाची बोटभर मासळी, आणि मासळीवर पेंग्विन. जमिनीवरचं ऊन तो सोसतो. चोचीच्या मुळाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी असते, तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते. पण जेवायला जायचं ते त्या गार पाण्यातच.

आता शेकरू. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर, म्हणजे पाऊण मीटरही उंची नसलेल्या पेंग्विनपेक्षा लांब. वजन मात्र दोन किलोंच्या आसपास. पेंग्विन चार-पाच किलोंचा. ही आकड्यांची तुलना मुलांच्या पुस्तकात शोभते, तिच्यातून हाती काही लागत नाही. हाती लागतं ते दोघांची हाडं आणि शेपट्या बघितल्या तर. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, पेंग्विनची भरीव. बुडी मारायची तर अंगात जडपणा हवा. शेकरूला तोल हवा. मागच्या पायांनी फांदी धरून लोकलच्या दांड्याला लटकल्यासारखं उलटं लोंबायचं, पुढच्या पंजांत फळ धरायचं आणि शेपूट पलीकडे सोडून वजन सारखं करायचं. या झाडावरून त्या झाडावर सहा मीटरपर्यंत झेप घेतं. जमिनीवर उतरणं होईल तितकं टाळतं.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. पेंग्विनला प्रवाह लागतो, शेकरूला एकमेकांत गुंतलेले शेंडे लागतात. दोन्ही गोष्टी पिंजऱ्यात मावत नाहीत. पण पेंग्विनच्या बाबतीत थोडी लबाडी चालते: पाणी गार करता येतं, मासळी विकत आणता येते, आणि हा मुळात वसाहतीत दाटीवाटीने राहणारा पक्षी आहे. शेकरू एकटं राहतं, एकेक जण आपापला झाडांचा टापू राखून असतं. त्याला शेंड्यांचं छत कुठून आणून देणार? म्हणून पिंजऱ्यात ठेवायचाच असेल तर पेंग्विन परवडला, शेकरू नको, असं माझं मत. बोला.

गिरगावकर_बंडू

बोलतो. बागेचं तिकीट पाच रुपयांचं पन्नास झालं ते २०१७ मध्ये, पेंग्विन आल्यावर. आमच्या लहानपणी बाग म्हणजे गरिबाची सहल होती. एकीला ऑक्टोबर २०१६ मध्येच मरण आलं, १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवडाभरात गेलं. हा "परवडला" कोणाला म्हणायचा?

कातळवाट

बंडू, तिकिटाबद्दलचा राग मान्य, पण तो महापालिकेच्या हिशेबाचा प्रश्न आहे. त्यानंतर तिथे जन्मलेली पिल्लं जगली, वाढली, संख्या मूळ आठच्या पुढे गेली. पेंग्विन आणायला हवे होते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. शेकरू ठेवा म्हणणाऱ्यांना उत्तर देतेय.

रानजाई

भीमाशंकरच्या खालच्या अंगाला आमचं गाव, तेव्हा शेकरूबद्दल दोन शब्द लिहिते. पेंग्विनबद्दल मला शून्य माहिती.

अभयारण्य १९८५ चं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत. जंगल एकसलग आहे असं नकाशा बघून वाटतं, प्रत्यक्षात तुकडे आहेत. देवाभोवतीचं राखलेलं रान दाट. अंजनी, पिसा, हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर यांचे शेंडे एकमेकांत घुसलेले. त्यात शेकरू दिसतंच दिसतं. कडेच्या विरळ रानात तेवढं नाही.

घरट्यांबद्दल शहरातल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. काटक्या आणि पानांचा भलामोठा गोळा उंच फांद्यांच्या बेचक्यात दिसला की "ते बघा शेकरूचं घर" म्हणून बोट दाखवतात. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. काही झोपायची, एखादं पिल्लांचं, काही सोडून दिलेली. वनखातं मोजणीत घरटीही धरतं, पण घरटी मोजली म्हणजे शेकरू मोजली असं होत नाही. ताजं कोणतं, जुनं कोणतं, पानं हिरवी की वाळलेली, हे बघावं लागतं. आणि घरटं कुठे बांधतं ते पाहा: जिथून चारी बाजूंना फांदीवरून निसटता येईल अशाच झाडावर. वरून शिकारी पक्षी येतो, खालून बिबट्या. एकटं सुटं झाड कितीही मोठं असलं तरी शेकरू तिथे संसार थाटत नाही.

आमच्याकडे महादेव कोळी लोक बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करतात, वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्याचा. हिरड्याचं झाड त्यामुळे कोणी सहजी तोडत नाही. शेकरू टिकलं त्यात या झाडांच्या किमतीचाही वाटा आहे, निव्वळ फलकांचा नाही. रस्ता रुंद करायला मात्र कोणी हिरडा बघत नाही.

पॅसिफिकपार

लिमात राहतो, म्हणून दुसऱ्या टोकाची बातमी माझ्याकडून. इथून दक्षिणेला पाराकासजवळ बायेस्तास नावाची बेटं आहेत, बोटीतून लांबूनच बघायची, उतरू देत नाहीत. बेटं दिसायच्या आधी वास येतो. तो वास ग्वानोचा, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा. पाऊस जवळपास नाही, त्यामुळे काही वाहून जात नाही, थरावर थर बसत राहतात.

पेंग्विनची गोष्ट या थरांवाचून कळत नाही. ज्यांचं नाव या प्रवाहाला पडलं ते जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट साहेब १८०२ मध्ये इथे आले, प्रवाहाचं तापमान मोजलं, ग्वानोचे नमुने युरोपात घेऊन गेले. पुढे १८४० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेच्या शेतांना खत म्हणून ग्वानो जहाजं भरभरून जायला लागला. चिंचा बेटांवर काही ठिकाणी थर तीस मीटरहून जाड होते. करारावर आणलेल्या चिनी मजुरांकडून ते खणून घेतले, फार हाल झाले त्या माणसांचे. १८६४ मध्ये स्पेनने ती बेटं ताब्यात घेतली आणि त्यावरून लढाई झाली. पक्ष्यांच्या विष्ठेवरून!

पेंग्विन याच थरात बीळ खणून अंडी घालायचा. वर ऊन, आत गारवा, आणि वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांपासून आडोसा. थर खरवडून खालचा कातळ उघडा पडला आणि बिळाची जागाच गेली. मग उघड्यावर, कपारीत, दगडांमध्ये घरटी. तुमच्याकडे शेंडे तोडले, इथे जमीनच उचलून नेली.

उलट बाजूही आहे. ग्वानो देणारे पक्षी टिकले तर धंदा टिकेल म्हणून विसाव्या शतकात सरकारी ग्वानो कंपनीने काही भूशिरांवर भिंती बांधल्या, कोल्हे आत येऊ नयेत म्हणून. पुंता सान हुआन हे त्यातलं एक, आज पेरूतली पेंग्विनची महत्त्वाची वसाहत तिथेच आहे. २००९ मध्ये अशी बेटं आणि भूशिरं मिळून राखीव क्षेत्र जाहीर झालं. रानजाईंच्या हिरड्याची आठवण झाली हे लिहिताना.

चकलीची_भाजणी

वाचतेय. दोन्ही मोठे प्रतिसाद मस्त. पेंग्विनची मोजणी कशी करतात मग? बिळात असेल तर दिसणार कसा?

पॅसिफिकपार

चांगला प्रश्न. पिसं झडतात तेव्हा मोजतात. बाकी पक्ष्यांची पिसं थोडी थोडी बदलतात, पेंग्विनची वर्षातून एकदा सगळी एकदम. नवी येईपर्यंत अंगाला पाणी लागलेलं चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे समुद्रात जाता येत नाही. आधी खाऊन खाऊन फुगतो आणि मग उपाशी, चिडका चेहरा करून किनाऱ्यावर उभा राहतो. बहुतेक जण हे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत उरकतात, तेव्हा उघड्यावर उभे असलेले मोजून घ्यायचे. रानजाई म्हणतात तसंच, अंडी-बिळांवरून अंदाज बांधला तर फसगत.

तिरकस

धागा छान रंगलाय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो.

१) धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हम्बोल्ट पेंग्विन "असुरक्षित" आहे, शेकरू "कमी चिंतेचं". मग सगळा जीव शेकरूसाठी का तुटतोय? ते पश्चिम घाटातच काय, मेळघाटात आहे, मध्य भारतात आहे, पार केरळपर्यंत आहे.

२) शेकरू पिंजऱ्यात जगत नाही असा सूर दिसतो. जगतं. वीस वर्षं जगल्याची नोंद आहे.

३) "प्रवाह आणि शेंडे" ही जोडी ऐकायला गोड आहे. उद्या कोणी मुंगी आणि देवमासा घेऊन दोघांनाही काहीतरी सलग लागतं असं दाखवून देईल. सलग गोष्ट कोणाला लागत नाही?

हलके घ्या.

कातळवाट

तिरकसराव, हलकं घेतलं, पण सोडत नाही.

यादीचं आधी. ती यादी अख्ख्या जातीबद्दल बोलते. मेळघाटात शेकरू आहे याचा भीमाशंकरच्या शेकरूला काही उपयोग नाही. मधली शेतं, रस्ते, धरणं ओलांडून ते तिकडे जाणार नाही. पेंग्विन निदान पोहत पुढच्या बेटावर जाऊ शकतो. त्यामुळे यादीत सुरक्षित असलेला प्राणी एका डोंगरावरून संपू शकतो आणि यादीतला शब्द तसाच राहतो. रंगही बघा: भीमाशंकरचं शेकरू विटकरी-तपकिरी आणि पोटाला पिवळट पांढरं, दक्षिणेत पाठीवर काळा पट्टा आणि शेपूट काळी. प्रत्येक भागातलं शेकरू असं वेगळं दिसतं.

वीस वर्षांचं. कसं जगतं ते विचारतेय मी. ज्या प्राण्याचा दिवस फांदी निवडण्यात जातो, त्याला दोन ओंडके आणि जाळी देऊन वीस वर्षं ठेवलं तर नोंदवहीत वीसच लिहिलं जाणार. रेने बोर्जेस यांनी भीमाशंकरला शेकरूच्या खाण्याचा अभ्यास केला होता. त्यातून दिसतं ते हे की हा प्राणी पानं, फुलं, फळं, बिया, साल यांत मोसमाप्रमाणे आणि झाडाप्रमाणे निवड करत जगतो. पिंजऱ्यात नेमकी ती निवड काढून घेतली जाते.

आणि तिसरं. देवमासा-मुंगी खुशाल घ्या, धागा तुम्हीच काढा. मला या दोघांत रस आहे, कारण एकाच शहरातले लोक एकाबद्दल हळहळतात आणि दुसऱ्याला पिंजऱ्यात मागतात, आणि दोन्ही वेळा प्राणी राहतो कुठे हे विचारत नाहीत.

आप्पा_७२

माझ्या आयडीतला आकडा वय नाही, दुष्काळाचं साल आहे. तेव्हा मी नगर जिल्ह्यात पाचवीत होतो. सुकडी खाल्लेली आहे, खडी फोडायला गेलेली आई बघितलेली आहे. पॅसिफिकपार यांनी अँचोव्हेटा म्हटलं तेव्हा एक जुनं वाचलेलं आठवलं. १९७२ मध्येच पेरूची मासेमारी कोसळली होती ना? एल निनोमुळे? एकच कारण दोन्हीकडे असेल तर गंमतच म्हणायची, कडू गंमत.

हवामानवेडा

आप्पा, बरोबर आहे. १९७२-७३ चा एल निनो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, जोरदार होता. पेरूसमोरचं पाणी तापलं की खालचं गार पाणी वर येत नाही, मासळी खोल जाते किंवा पांगते, पक्षी उपाशी. त्यात आधीची काही वर्षं अँचोव्हेटाची बेसुमार मासेमारी चालली होती. जगातली सर्वांत मोठी एका जातीची मासेमारी होती ती. दोन्ही मिळून सगळं बसलं. तिकडे पॅसिफिक तापला की आपल्याकडचा मान्सून अनेकदा दबतो, १९७२ मध्ये दबला.

पण "एल निनो म्हणजे दुष्काळ" असं सरळ समीकरण मांडू नका. १९९७-९८ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक, तरी १९९७ मध्ये भारतातला एकूण पाऊस सरासरीच्या आसपास झाला. पेरूच्या पक्ष्यांना मात्र सुटका नव्हती. १९८२-८३ मध्ये तिथल्या पेंग्विनांची संख्या साधारण दोन तृतीयांशांनी घटल्याचं सांगतात. आपल्यासाठी तो एक कमी-जास्त होणारा धोका आहे, त्यांच्यासाठी तेच घरातलं पाणी.

अवांतर: या पॅसिफिकच्या हेलकाव्याचा माग लावणारे गिल्बर्ट वॉकर भारताच्या वेधशाळांचे प्रमुख होते, १९०४ पासून. मान्सूनचा अंदाज हवा म्हणूनच शोधायला निघाले होते.

गिरगावकर_बंडू

हे आवडलं. म्हणजे अँचोव्हेटाची बातमी आमच्या पावसाची पण बातमी.

ती मासळी जाते कुठे हो? माणसं खातात?

पॅसिफिकपार

फार थोडी. बहुतेक दळून मत्स्यचूर्ण आणि तेल होतं, ते जगभर मत्स्यशेतीला, कोंबड्यांना, डुकरांना खाद्य म्हणून जातं. इथल्या बाजारात ताजी अँचोव्हेटा शोधावी लागते. मी आणून कोकणी पद्धतीने तिखट-मीठ लावून तळतो, आपल्या मांदेलीच्या जवळ जाणारी चव. बायको म्हणते पेंग्विनच्या तोंडचा घास आहे. असू दे.

जाळ्यांचंही लिहायला हवं. मासळी संपण्याइतकाच त्रास किनाऱ्याजवळ लावलेल्या तरंगत्या जाळ्यांचा. पेंग्विनच्या बहुतेक बुड्या तीस मीटरच्या आतल्या असतात आणि जाळीही त्याच थरात. अडकला की बुडून मरतो. चिलीत आणखी एक भांडण चालू आहे. या पक्ष्याच्या नावाच्या राखीव बेटांजवळ खाण आणि बंदराचा डोमिंगा नावाचा प्रकल्प. २०२३ च्या जानेवारीत मंत्र्यांच्या समितीने तो नाकारला, मग प्रकरण कोर्टात. नोकऱ्यांसाठी खाण हवी म्हणणारे गावकरीही आहेत, विरोध करणारे कोळीही आहेत. बाहेरून बोलणं सोपं.

रानजाई

असलीच गोष्ट आमच्या डोंगरावर पवनचक्क्यांची. वीज स्वच्छ, पण पाती न्यायला डोंगर फोडून रस्ते केले, झाडं गेली, माती खालच्या ओढ्यात आली. पश्चिम घाटाबद्दलच्या २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालात याबद्दल लिहिलेलं आहे, अभयारण्याला लागूनच आहेत त्या पवनचक्क्या.

रस्त्याबद्दल एक सुचवते. तमिळनाडूत वालपराईला रस्त्यावरून दोरीचे झुलते पूल टाकलेत, सिंहपुच्छ वानर त्यावरून ये-जा करतात. रस्ता करायचाच असेल तर दोन्हीकडचे शेंडे भिडलेले राहतील एवढी जागा काही काही अंतरावर सोडा. पूल टाकण्यापेक्षा फांद्या न तोडणं स्वस्त आहे. पण कंत्राटात "छाटणी" असते ना, मग छाटतात.

तिरकस

फांद्या न तोडणं स्वस्त, हे वाक्य सार्वजनिक बांधकामवाल्यांच्या टेबलावर ठेवायला हवं. तिसरा मुद्दा मागे घेत नाही, पण पहिल्याचं उत्तर पटलं.

चकलीची_भाजणी

संसार कसा असतो दोघांचा? मुलं तेच विचारतात.

कातळवाट

पेंग्विनची जोडी बरीच वर्षं टिकते. बहुधा दोन अंडी, चाळीसेक दिवस दोघं पाळीपाळीने बसतात, पिल्लाला भरवतातही दोघं. घरट्यापाशी गाढवासारखे ओरडतात, ऐकलं तर हसू आवरत नाही. शेकरूकडे नराचा काम संपलं की पत्ता नसतो, एखाद-दोन पिल्लांचं सगळं आईच करते. मुलांना हे सांगितलं की बाबा लोकांकडे बघतात, एवढी सूचना देऊन ठेवते.

गिरगावकर_बंडू

रानजाईताई, आता सांगा, शेकरू बघायला यायचं तर कधी आणि कुठे उभं राहायचं? माझा नातू पेंग्विन बघून आलाय, दुसरी बाजू पण बघू दे.

रानजाई

या की. पावसात धुकं असतं, हातभर पुढचं दिसत नाही. थंडी सरल्यावर, फळं धरायला लागली की या. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर. भर दुपारी ते फांदीवर आडवं पसरून झोपतं, खालून दिसत नाही. देवळाच्या गर्दीतून बाहेर पडून नागफणीच्या वाटेला किंवा गुप्त भीमाशंकरकडे झाडीत शांत थांबायचं. आधी कानावर पडेल: टकटकटक असा खडखडाट, चिडल्यासारखा. त्या दिशेला शेंड्याकडे बघायचं, फांदी हलत असेल. मुंबईहून तेवढं लांब नको असेल तर मुरूडजवळ फणसाडलाही आहेत.

आणि महाशिवरात्रीच्या आठवड्यात येऊ नका, माणसंच दिसतील.